तांदळात लिहिलेलं नाव

नागरिकत्वाच्या कामासाठी माझ्याकडे आलेली फाइल पुण्याची. मुलगी २००१ साली पुण्यातच जन्मलेली, आई मात्र १९७४ साली ब्रिटनमधल्या लेस्टरला. आजी-आजोबा दोघंही डॉक्टर. नोकरीसाठी तिकडे गेले आणि १९७७ला परतले. "आईमुळे ब्रिटिश नागरिकत्व मिळवायचंय, फॉर्म कुठला भरू?" असं मुलीने विचारलं. फॉर्म कुठलाच नव्हता.

१ जानेवारी १९८३पूर्वी ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल, परकीय राजदूतावासातल्या अधिकाऱ्याचं नसेल तर, जन्मानेच ब्रिटिश. आईवडील कुठल्या व्हिसावर होते याला महत्त्व नाही. अशा आईचं परदेशात, १९८३नंतर झालेलं मूल वंशाने आपोआप ब्रिटिश. मुलगी जन्मल्या दिवसापासूनच नागरिक होती, म्हणून अर्ज थेट पासपोर्टचा. हाच दावा वडिलांकडून असता, तर १ जुलै २००६पूर्वीच्या जन्मासाठी आईवडिलांचं लग्नही दाखवावं लागलं असतं.

घोडं अडलं नावापाशी. आईकडे लेस्टरचा जन्मदाखला होता, पण छोटा. त्यावर फक्त मुलाचं नाव, तारीख आणि ठिकाण असतं; आईवडिलांची नावंच नाहीत. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसातून पूर्ण दाखला मागवला. त्यात वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो, त्यामुळे राजदूतावासाची शंकाही परस्पर मिटते. पण त्यावर आईचं माहेरचं नाव, आणि मुलीच्या महापालिकेच्या दाखल्यावर लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. आडनाव बदलतं हे लंडनच्या बाबूला कळतं. पहिलं नावच बदलावं, हे नाही. कागदांवर या दोन वेगळ्या बायका होत्या.

राजपत्रात नावबदल छापलेला नव्हता. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर माझा भरवसा नसतो, ते आज केलेलं असतं. कामी आला आईचा कॉलेजातला भारतीय पासपोर्ट: माहेरचं नाव, जन्मस्थळ लेस्टर. लग्नानंतरच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर त्याच जुन्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह. जुने पासपोर्ट रद्दीत टाकू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी.

अर्जाआधी दोन गोष्टी सांगितल्या. ब्रिटिश पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज. दुसरी गोष्ट अशी की, वंशाने मिळालेलं नागरिकत्व सहसा एकच पिढी पुढे जातं. तिचं मूल भारतात जन्मलं तर ते आपोआप ब्रिटिश होणार नाही. मुलाच्या जन्माआधी ती सलग तीन वर्षं ब्रिटनमध्ये राहिली असेल, आणि त्या काळात बाहेरचे दिवस २७०पेक्षा जास्त नसतील, तर मूल अठराचं होण्याआधी नोंदणीचा अर्ज करता येतो. तिकडे राहायला गेल्यास विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेव, म्हटलं.

आईने स्वतःसाठी ब्रिटिश पासपोर्ट मागितला नाही. मुलीच्या दाव्याला त्याची गरजही नव्हती.