लेकीचा डायपर रॅश: वळ्यांत बघायला शिकले तेव्हा

लेक नऊ महिन्यांची होती. ऐन जुलै, कान दुखतो म्हणून अँटिबायोटिक चालू, त्यातून जुलाब. दुसऱ्याच दिवशी ढुंगण लालभडक. पाणी लागलं तरी किंचाळायची, पाय पोटाशी घ्यायची. आधीही कधी कधी लाली यायची, पण डायपर काढून थोडा वेळ मोकळं ठेवलं आणि झिंकची क्रीम लावली की उतरायची. या वेळी उतरेना, उलट पसरत चालली.

शेजारच्या काकूंनी मायेने एक ट्यूब आणून दिली. मेडिकलवाल्याने "सगळ्यावर चालते" म्हणून दिलेली. मी मागचं बारीक अक्षर वाचलं: क्लोट्रिमाझोल, निओमायसिन आणि बीटामेथासोन. शेवटचं नाव स्टेरॉइडचं. ट्यूब तशीच पर्समध्ये टाकली आणि बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरांनी लेकीचे पाय हळूच फाकवले आणि मला म्हणाले, "आई, इथे बघा. जांघेच्या वळीत." घासून किंवा ओल राहून येणारा साधा रॅश डायपर जिथे टेकतो त्या उंच भागावर येतो, वळ्या बऱ्याचदा कोऱ्या राहतात. हिच्या वळ्याच गडद लाल होत्या, आणि कडेला सुटे सुटे बारीक लाल ठिपके. म्हणजे कँडिडा, बुरशी. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतूही मरतात आणि या बुरशीला रान मोकळं मिळतं. मग त्यांनी तिचं तोंडही उघडून पाहिलं, आत बुरशीचे पांढरे चट्टे नाहीत ना म्हणून.

ट्यूब दाखवली. "ही अजिबात नको," ते म्हणाले. डायपरखाली औषध कोंडलं जातं, बाळाची कातडी पातळ, त्यामुळे स्टेरॉइड जास्त शोषलं जातं आणि कातडी आणखी पातळ होते. शिवाय लाली तात्पुरती उतरते आणि बुरशी आत वाढत राहते. ही गोष्ट प्रत्येक आईला माहीत असायला हवी असं मला फार वाटतं, कारण अशा मिश्र क्रीम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास हातात पडतात.

औषध म्हणून नुसती क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशीवरची क्रीम, दिली. आधी तिचा पातळ थर, ती मुरली की वर झिंक ऑक्साइडचा जाड थर. आणि इथे मला खरा उपयोगी धडा मिळाला: प्रत्येक वेळी झिंक खरवडून काढायचं नाही. शी लागलेला वरचा थर तेवढा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपायचा, खालचा राहू द्यायचा, वर नवा चढवायचा. पूर्ण काढायचंच झालं तर बोळ्यावर थोडं तेल घेऊन. घासणं बंद केल्यावर तिचं किंचाळणंही कमी झालं. सुगंधी वाइप्स मी तेव्हाच बंद केले. पावडरही घरातून गेली. तिची धूळ श्वासातून बाळाच्या फुफ्फुसात जाते.

जुलाब असेपर्यंत शी झाली की लगेच डायपर बदलत होते. लघवी आणि शी एकत्र साचली की अमोनियामुळे शीतले पाचकरस कातडीवर जोरात काम करतात, म्हणून "थोड्या वेळाने बघू" चालत नाही. दुपारी सासूबाई तिला मेणकापडावर दुपटं अंथरून उघडी ठेवायच्या आणि शेजारी बसून राहायच्या. "अगं, वारा लागू दे तिला," हे त्यांचं वाक्य डॉक्टरांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळलं. लंगोट मात्र पावसात वाळता वाळत नव्हते. दमट लंगोट मी कधीच बांधला नाही. इस्त्रीने कोरडा करून, गार झाल्यावरच. धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे, अँटिसेप्टिक द्रव आणि कंडिशनर टाकायचं नाही.

दोन-तीन दिवसांत लाली ओसरू लागली, आधी ठिपके विरले, वळ्या शेवटी. कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस क्लोट्रिमाझोल चालूच ठेवली, कारण मध्येच थांबवली तर बुरशी परतते. आता डायपर बदलताना माझी नजर आधी वळ्यांकडे जाते. साधी लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, फोड, पू किंवा रक्त दिसलं, ताप आला, तर घरचे उपाय थांबवून बाळाला थेट डॉक्टरांना दाखवा, आणि लावलेली प्रत्येक ट्यूब सोबत न्या.