कंपनी नको, लोड बघ

भाचा ॲरिझोनात असतो. तिथं त्यानं स्मिथ अँड वेसन कंपनीचं एक जुनं रिव्हॉल्व्हर घेतलंय, मॉडेल १९, .३५७ मॅग्नम काडतुसाचं. रविवारी फोन आला की ठरलेला प्रश्न, "मामा, कुठल्या कंपनीचं काडतूस जास्त जोराचं?"

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आता खानापूरकडं शेती बघतो. इथं मला विचारायला येतात ते रानडुकरांनी ऊस खाल्लेले बारा बोअरवाले. कुणाकडं रिव्हॉल्व्हर असलंच तर कानपूरचं .३२, आणि त्यात खडकीच्या कारखान्याचं केएफ काडतूस. निवडायला आहे काय तिथं? त्यामुळं भाच्याची अडचण ऐकायला मला मजा वाटते.

त्याला म्हटलं, रेमिंग्टन या एकाच कंपनीचे काडतुसांचे दोन डबे शेजारी ठेव की. दोन्हींवर .३५७ मॅग्नम, दोन्हींत १२५ ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण आठ ग्रॅम. साध्या होलो पॉइंटचा, म्हणजे टोकाला पोकळ गोळीचा, छापील वेग सेकंदाला १४५० फूट, त्यांच्याच गोल्डन सेबर या प्रकाराचा १२२०. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून एकीकडं ५८३ फूट-पाउंड आणि दुसरीकडं ४१३. कंपनी तीच, बोअर तोच! तिथल्या 'सामी' या संस्थेनं .३५७ साठी ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) दाबाची मर्यादा घातलीय, पण ती वरची मर्यादा. तिथपर्यंत जायलाच पाहिजे असं कुणावर बंधन नाही. काही कंपन्या दारू मुद्दाम सौम्य भरतात, काही त्या मर्यादेपर्यंत. ही भरणी म्हणजेच लोड.

शिवाय तो आकडा कुठल्या नळीतला, हेही बघावं लागतंय. १९३५ साली हे काडतूस आलं तेव्हा १५८ ग्रेनच्या गोळीला १५०० फुटांच्या वरचा वेग सांगत, पण तो पावणेनऊ इंची नळीचा. आज त्याच वजनाचं रेमिंग्टन चार इंची नळीत १२३५ सांगतंय. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, तिथून गॅस निसटतो. एकेकाळी कंपन्या फट नसलेल्या लांब चाचणी-नळीतले आकडे छापायच्या. गिऱ्हाईक खूश, हातातलं रिव्हॉल्व्हर मात्र तेवढं देत नसे.

माझ्या धंद्याची गोष्ट पुढं आहे. मॉडेल १९ च्या नळीचं मागचं तोंड, फॉर्सिंग कोन, खालच्या बाजूला सपाट तासलेलं असतं, सिलिंडर ज्या दांड्यावर बाहेर वळतो त्या क्रेनला जागा पाहिजे म्हणून. तिथं पोलाद पातळ. १२५ ग्रेनची गोळी आखूड, ती लवकर सुटते, आणि मागून जळती दारू नि गरम गॅस त्या तोंडावर आदळतात. असली पूर्ण ताकदीची काडतुसं खूप उडवली की नेमकी खालच्या बाजूला चीर पडते. या तक्रारी वाढल्या म्हणून कंपनीनं पुढं जरा मोठ्या सांगाड्याची रिव्हॉल्व्हरं, एल-फ्रेम, काढली. हत्यार जोरानं नव्हे, चुकीच्या जोरानं मरतंय.

"मग मी काय घेऊ?"

मॅग्नमच पाहिजे तर १५८ ग्रेन घे, म्हटलं, आणि सरावाला .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस. ते .३५७ च्या चेंबरात बसतंय. उलटं, म्हणजे .३८ च्या चेंबरात मॅग्नम, बसत नाही. मॅग्नमची पितळी केस इंचाच्या सुमारे आठव्या भागानं लांब ठेवलीय ती त्यासाठीच.