सगळं डिलीट केलंय

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हजेरीची जुनी थंब मशिनं काढून नवी बसवायची होती. गेट दोन, माणसं चारशे बारा. मशीन भिंतीला ठोकायला अर्धा तास पुरतो, दिवस जातो तो बोटं घेण्यात. मशीनची कंपनी बदलली की जुन्या मशीनमधले टेम्प्लेट, म्हणजे साठवलेल्या बोटांच्या नोंदी, नव्याला कळत नाहीत, मग सगळ्यांना परत रांगेत उभं करायचं.

त्यात ऑक्टोबर छाटणीचे दिवस. निम्म्या लोकांची थोडीफार द्राक्षबाग, सुट्टीच्या दिवशी वेलीचे डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावायला जातात आणि सोमवारी सालं निघालेली बोटं घेऊन गेटवर येतात. मोहाडीकडच्या एका मावशींचं बोट सहा वेळा फेल गेलं. आमचा जुना उपाय, बोट कपाळावर घासायला लावलं. कपाळाचं तेल लागलं की रेषा उठून दिसतात. सातव्यांदा घेतलं.

जाताजाता मावशी म्हणाल्या, "भाऊ, जुन्यात पण माझी बोटं दिलेली. त्याचं काय?"

"ते डिलीट होतं मावशी." मी मान वर न करता सांगितलं.

चहाच्या वेळी पाहतो तर दोन्ही जुनी मशिनं भंगाराच्या पिकअपमध्ये, पत्र्याच्या कात्रणावर. अंबड लिंक रोडला चाललेली. एचआरचा पोरगा म्हणाला, "सर, सगळं डिलीट केलंय." मी एक उचललं, बारा व्होल्टचं ॲडाप्टर लावलं. हजेरीच्या नोंदी: शून्य. युजर: सहाशे एकतीस. सोडून गेलेलेसुद्धा आत बसलेले. मेनूत हजेरी पुसायचं बटण वेगळं आणि माणसं पुसायचं वेगळं, हे कोणी सांगतच नाही. ॲडमिनचा पासवर्ड नाही, कॉम की, म्हणजे केबलने जोडताना मशीन मागतं तो नंबर, शून्य, फॅक्टरीतून आली तशीच. कोणीही केबल लावावी आणि घेऊन जावं.

आमचे सेल्सवाले छातीठोक सांगतात, "बोटाचा फोटो साठवतच नाही, काळजी नको." अर्धं खरं. फोटो नसतो, रेषा कुठे संपते, कुठे फाटा फुटतो, कोणत्या कोनात, एवढेच आकडे असतात. पण त्या आकड्यांवरून बोटाचा ठसा परत उभा करता येतो आणि तो मशीनला फसवू शकतो, हे इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलंय. पासवर्डसारखं हॅश करून, म्हणजे परत उलगडता न येणाऱ्या आकड्यात बदलून ठेवा म्हणावं, तर बोट दर वेळी थोडं तिरकं, थोडं दाबून पडतं. हॅशला तसूभर फरक चालत नाही. मग उरतं एन्क्रिप्शन, म्हणजे आकड्यांना कुलूप. स्वस्त मशीनमध्ये तेही असलं तर किल्ली त्याच डब्यात. ठशाचं ठरावीक गणिताने रूप बदलून तेच साठवायचं आणि चोरी झाली की गणित बदलायचं, ही कल्पना २००१ पासून कागदावर आहे. आमच्या कोटेशनमध्ये मी अजून पाहिली नाही. गिऱ्हाईक विचारतं ते एकच: पाचशे रुपये कमी होतील का?

अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी खात्यातून ५६ लाख लोकांचे ठसे गेले. तिथे निदान ते मोजता आले. इथे पिकअपवाला वजनावर घेऊन चालला होता.

दोन्ही मशिनं पूर्ण पुसली, युजर शून्य दिसेपर्यंत. तेवढ्यात एचआरच्या पोराच्या डेस्कटॉपवर 'बोटे फायनल' नावाची फाईल दिसली. पगाराचं काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाला मेल केलेली. कशाला, ते त्यालाही आठवेना. डेस्कटॉपवरची पुसली, पाठवलेल्या मेलमधलीही पुसली. त्या माणसाला दोनदा फोन केला, उचलला नाही.

साडेपाचला मावशी गेटवर. बोट पहिल्या फटक्यात लागलं. "झालं ना भाऊ सगळं?"

"झालं."

रात्री घरी लॅपटॉप उघडला. 'बॅकअप'मध्ये याच कारखान्याची फाईल, २०२१ मध्ये मशीन दुरुस्त करताना मीच घेतलेली. ती पुसली, रिसायकल बिनमधूनही काढली. शेजारी अजून अकरा कारखान्यांच्या आहेत. त्या तशाच आहेत. उद्या एखादं मशीन मेलं तर साहेब आधी मलाच फोन करणार.