नशा कोणाच्या माथी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा (२०१९-२१) अहवाल वाचताना दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. पती मुळीच पीत नाही, अशा स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. पहिला आकडा व्याख्यानांतून हमखास ऐकू येतो. मला दुसराच अधिक अस्वस्थ करतो, कारण बाटलीला हात न लावणाऱ्यांच्या घरांतही जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांच्या वाट्याला हे आले आहे.

याच सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील सुमारे ६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. प्रत्यक्ष प्रमाण याहून मोठे असणार, कारण हिंसा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी कोणाची मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहितांपैकी पाचांतील चौघींनी बोट दाखवले ते सध्याच्या नवऱ्याकडे.

आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटलीच्या, म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही याच्या, मतदानाआधी गावोगावच्या बायका बोलतात तेव्हा मजुरी गुत्त्यावर उडवतो, मारतो, पोरांसमोर घाण शिव्या देतो, हे सारे मोकळेपणाने येते. रात्रीचा विषय मात्र ‘फार त्रास देतो’ एवढ्यावर संपतो आणि ऐकणाऱ्या बायकांना ते पुरते. दारू हटवल्याने हा त्रास कमी होतो, हे मी नाकारत नाही. बिहारमध्ये २०१६ च्या दारूबंदीनंतर पतीकडून होणारी हिंसा घटल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही दारू फक्त संयम सैल करते, बायकोवरच्या हक्काची भावना तिने निर्माण केलेली नसते. साहेबांसमोर त्याच माणसाची जीभ प्यायल्यावरही बहुधा ताब्यात असते.

घरात पुरुष प्यायलेला असला की ‘शुद्धीत नव्हता’ म्हणून त्याला सांभाळून घेतले जाते, आणि पार्टीत मुलगी प्यायलेली असली की ‘प्यायलीच कशाला’ म्हणून तिलाच उभे-आडवे घेतले जाते. कायदा नेमका याच्या उलट आहे. भारतीय न्याय संहितेनुसार स्वतःहून केलेली नशा हा गुन्ह्याचा बचाव ठरत नाही, आणि नशेमुळे आपण कशाला होकार देत आहोत हे स्त्रीला कळत नसेल, तर तो होकार धरला जात नाही. पेला कोणी भरला, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. मात्र याच संहितेच्या ६३ व्या कलमात, पत्नी १८ वर्षांखालील नसेल तर पतीने केलेला संभोग बलात्कार नव्हे, असा अपवाद कायम आहे. म्हणजे जिथे हिंसेचे प्रमाण सर्वाधिक, तिथेच हे कलम लागू होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, पण तो मुख्यतः संरक्षण आणि भरपाई देणारा कायदा आहे.

लैंगिक अत्याचारासाठी पेयात गुंगीचे औषध मिसळले गेल्याचा संशय असेल तर वेळ फार थोडा असतो. काही औषधांचा माग लघवीत साधारण बारा तासच लागतो, आणि घडलेले धड आठवत नसलेली मुलगी कोणाला सांगू, या विचारात दोन दिवस सहज घालवते. रुग्णालयात रक्त आणि लघवीचे नमुने घेण्याची मागणी लगेच करावी. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला अशा वेळी मोफत उपचार नाकारता येत नाहीत, आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवलेली असण्याची अट नाही.