तुम्ही विचारलंत म्हणून: ती पाच मतं

"तुम्ही रीतसर आलात, ग्रीन कार्डासाठी डझनभर वर्षं थांबलात. मग ज्यांच्याकडे कागदच नाहीत, त्यांच्यासाठी वॉशिंग्टनला खासदारांचे उंबरे कशाला झिजवता?"

हा प्रश्न मंडळाच्या गणपतीत विचारला जातो, कुणाकडे जेवायला गेलं की विचारला जातो, पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला: "आणि एवढं करून मिळालं काय?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते सरळ आहे. मोठ्या संख्येने लोकांना कागद देणारा शेवटचा कायदा १९८६ चा. रेगन यांनी त्यावर सही केली आणि सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्या तोलाचं काही अमेरिकन संसदेने त्यानंतर केलेलं नाही. २००७ ला विधेयक सिनेटमध्ये अडलं, २०१० ला अडलं. २०१३ ला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, तर कनिष्ठ सभागृहाने ते मतालाच घेतलं नाही. २०१८ ला नेतृत्वाला वळसा घालून विषय सभागृहात आणायला खासदारांच्या २१८ सह्या हव्या होत्या, त्या २१६ वर थांबल्या. २०२१ ला हे अर्थसंकल्पी विधेयकात घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा सिनेटच्या नियमांचा अर्थ लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी तीनदा नकार दिला. हे सगळे पराभव मला तोंडपाठ आहेत आणि त्यातला एकही मी नाकारत नाही.

पहिल्या प्रश्नातला 'रीतसर' हा शब्द मात्र दरवेळी टोचतो. "त्यांनीही रांगेत यावं की!" कुठल्या रांगेत? नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत अकुशल कामगारांसाठी साऱ्या जगाला मिळून कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा आहेत. व्हिसाच्या लॉटरीत भारत नाही. सख्ख्या भावाने अर्ज भरला तर दीड-दोन दशकं वाट पाहायची. ज्याचा भाऊ इथे नाही आणि जो भटारखान्यात भांडी घासतो, त्याने उभं राहायचं कुठे? आणि "परत जा, मग नीट या" म्हणणाऱ्यांच्या गावी १९९६ चा कायदा नसतो. १८० दिवसांहून जास्त विनाकागद राहून देश सोडला की तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा अधिक राहिलं असेल तर दहा वर्षं. ही बंदी लागू होते बाहेर पाऊल टाकल्यावर. म्हणजे चूक सुधारायला जो निघेल, तोच अडकतो.

आता आपल्या घरातलं. एच-१बीवाल्या आईवडिलांबरोबर तिसऱ्या-चौथ्या वर्षी आलेलं मूल २१ चं झालं की त्याचा एच-४, म्हणजे आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा, संपतो. तोवर घराचं ग्रीन कार्ड आलेलं नसेल, तर विद्यार्थी व्हिसा मिळवा, नाहीतर जो देश आठवतही नाही तिथे जा. लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाची परवानगी देणाऱ्या ओबामांच्या २०१२ च्या 'डाका' योजनेत या मुलांना जागा नव्हती, कारण १५ जून २०१२ रोजी कायदेशीर दर्जा नसणं हीच तिची अट होती. आईवडिलांनी सगळं नियमाने केलं म्हणून मूल अपात्र ठरलं. पुढे २०२१ ला कनिष्ठ सभागृहाने २२८ विरुद्ध १९७ ने जे विधेयक मंजूर केलं, त्यात ही मुलं आली. ते विधेयक कागद नसलेल्यांसाठीच मांडलेलं होतं. "आम्हाला त्यांच्यात मोजू नका" हे आपलं पालुपद मुलांच्या कामी आलं नाही. त्यांच्याबरोबर उभं राहणं आलं.

पण हे कारण पुढे करताना मला अवघडल्यासारखं होतं. आपलं पोर अडकलं तरच दुसऱ्याचं दुःख दिसावं का? ते अडकलं नसतं तरी जायला हवंच होतं.

तुम्ही येणार असाल तर काही गोष्टी माहीत असू द्या. भेट बहुतेक वेळा खासदारांची मिळत नाही, त्यांच्या कार्यालयात इमिग्रेशनचा विषय सांभाळणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या सहायकाची मिळते. त्याला कमी लेखू नका, खासदारापुढे जाणारं टिपण तोच लिहितो. वेळ १५ ते २० मिनिटं, जागा नसेल तर कॉरिडॉरमध्ये उभ्याने. चार-पाच जण पुरे. त्यातला किमान एक त्याच मतदारसंघात राहणारा हवा, आणि त्याने पहिल्याच वाक्यात आपलं गाव आणि पिनकोड सांगायचा. फोनचंही तेच. कार्यालयात फोनची नोंद पत्त्यानुसार होते, दुसऱ्या राज्यातून आलेल्या शंभर फोनांना तिथे जवळपास किंमत नाही. ऑगस्टमध्ये संसदेला सुट्टी असते, तेव्हा मतदारसंघातल्या कार्यालयात जाणं वॉशिंग्टनच्या फेरीपेक्षा पुष्कळदा जास्त फळतं. मात्र तिथली केसवर्कर मंडळी अडकलेले अर्ज सोडवतात, विधेयकावर बोलणारा माणूस वेगळा असतो. भेट मागतानाच नेमका कोण हवा ते लिहा.

सोबत एक कागद न्या. एकच, एका बाजूला छापलेला. वर विधेयकाचा क्रमांक, त्याखाली मागणी एका वाक्यात: सहप्रायोजक व्हा (म्हणजे विधेयकाला आपलं नाव जोडा), किंवा अमुक दुरुस्तीला विरोध करा. मग त्या मतदारसंघातले दोन-तीन आकडे, खाली संपर्क. भेटी फसतात त्या बहुधा एकाच प्रकारे. कहाणी सांगण्यात १८ मिनिटं जातात, ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, आणि मागणी मागायचीच राहते. कहाणी दोन मिनिटांची, मागणी पाचव्या मिनिटाला, आणि मग गप्प बसायचं. उत्तर त्याला देऊ द्यायचं. "सर विचार करतील" हे उत्तर नव्हे, "कधीपर्यंत कळेल?" असं विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी ईमेलने तीच तारीख लिहून पाठवायची.

पैशाबाबत फार सांभाळा. ग्रीन कार्डधारक निवडणुकीला देणगी देऊ शकतो. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावाला आणि कागद नसलेला एक डॉलरही देऊ शकत नाही, कायद्याने मनाई आहे. खासदाराला भेटून गाऱ्हाणं मांडायला मात्र नागरिकत्व लागत नाही. कागद नसलेलं कुणी सोबत येणार असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी त्याचं बोलणं करून द्या आणि प्रवास कसा करायचा ते ठरवा. धोका त्या खोलीपेक्षा वाटेत जास्त असतो. कार्यालयात पासपोर्टची प्रत किंवा इमिग्रेशनचा नंबर देऊ नका. नुसतं नाव पुरतं, तेही त्याची इच्छा असेल तर.

आता जे खरं सांगायचं आहे ते. १८ डिसेंबर २०१०, शनिवार.

त्या दिवशी सिनेटपुढे ड्रीम अ‍ॅक्ट होता. १६ वर्षांच्या आत अमेरिकेत आलेली, किमान पाच वर्षं इथे राहिलेली, शाळा पूर्ण केलेली मुलं, ज्यांनी पुढे दोन वर्षं कॉलेज केलं किंवा सैन्यात काढली, त्यांना कायदेशीर होण्याची वाट. मतं मिळावीत म्हणून विधेयक आधीच छाटत आणलं होतं. वयाची मर्यादा ३५ होती ती ३० च्या आत आणली. ग्रीन कार्डाआधी दहा वर्षं तात्पुरत्या दर्जावर काढायची अट घातली. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने कनिष्ठ सभागृह गमावलं होतं, जानेवारीत नवे लोक येणार होते, म्हणून जे काही व्हायचं ते डिसेंबरातच. ८ तारखेला कनिष्ठ सभागृहाने २१६ विरुद्ध १९८ ने मंजूर केलं. तिथेही ३८ डेमोक्रॅट विरोधात गेले, आठ रिपब्लिकन बाजूने आले.

सिनेटच्या प्रेक्षक सज्जात तरुण मुलंमुली बसली होती, कित्येकांच्या डोक्यावर पदवीदानाच्या टोप्या. त्या सज्जात फोन नेता येत नाही, फलक नेता येत नाही, टाळी वाजवता येत नाही. नावं पुकारली जात असताना त्यांनी एकमेकांचे हात धरले होते. नावं वर्णक्रमाने पुकारतात, त्यामुळे माँटानाचे डेमोक्रॅट सिनेटर बॉकस यांचं नाव अगदी सुरुवातीला येतं.

निकाल: ५५ बाजूने, ४१ विरुद्ध. बहुमत होतं. पण चर्चा थांबवून विधेयक पुढे न्यायला ६० लागतात.

५५ आणि ५ मिळून ६०. विरोधात मत दिलेले डेमोक्रॅट किती, तर बरोब्बर पाच: माँटानाचे बॉकस आणि टेस्टर, आर्कान्साचे प्रायर, नॉर्थ कॅरोलायनाच्या हेगन, नेब्रास्काचे नेल्सन. लुगर, मर्कोव्स्की आणि बेनेट हे तीन रिपब्लिकन पक्षाची ओळ सोडून बाजूने आले होते. आणि चार जण आलेच नाहीत. त्यांत रिपब्लिकन ऑरिन हॅच होते, ज्यांनी २००१ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर डर्बिन यांच्यासोबत हेच विधेयक पहिल्यांदा सिनेटमध्ये मांडलं होतं. नवशिक्यांना मी हे नेहमी सांगतो: ६० हा आकडा हजर असलेल्यांवर नव्हे, पूर्ण सभागृहावर मोजतात. जो आला नाही, तो विरोधातच गेला. "आमचे सिनेटर विरोधात नाहीत" एवढ्यावर समाधान मानून उठायचं नाही. हजर राहणार का, हेही विचारायचं.

त्याच दिवशी, त्याच सभागृहात, समलिंगी सैनिकांना उघडपणे सेवा करू न देणारा नियम रद्द करण्याचा मार्ग ६३ मतांनी मोकळा झाला. साठाचा डोंगर त्या दिवशी चढता येत होता. आमच्यासाठी कुणी चढला नाही.

मी याचा अर्थ किती तऱ्हांनी लावून पाहिला आहे. एक तर स्पष्टच: आवाज मोठा होता तो कॅलिफोर्नियाचा, न्यूयॉर्कचा, जिथली मतं आधीच खिशात होती. माँटाना आणि नेब्रास्कात त्या सिनेटरला अडवून विचारणारे स्थानिक मतदार, शेतमालक, पाद्री, शाळेचे मुख्याध्यापक पुरेसे उभे राहिले नाहीत, असं मला वाटतं. पण मग २०१३ चं काय करायचं? नेल्सन तोवर निवृत्त झाले होते. उरलेल्या चौघांनी २०१३ ला होकार दिला, आणि तोही कितीतरी मोठ्या विधेयकाला, ज्यात मुलांबरोबर आईवडीलही होते. त्या राज्यांतले शेतकरी काही अडीच वर्षांत बदलले नव्हते. मधे २०१२ ची निवडणूक झाली होती आणि लॅटिनो मतांची दोन्ही पक्षांनी धास्ती घेतली होती. मग आमच्या एकपानी कागदाने काय केलं? हा हिशेब मला आजही लागलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागते. तेव्हा मी ठामपणे म्हणत असे, मागणी लहान ठेवा, निष्पाप मुलांपुरती ठेवा. "यांचा काय दोष, यांना तर आईवडिलांनी आणलं." हे वाक्य प्रत्येक कागदावर असे. आज ते वाचवत नाही, कारण त्यात न बोलता आईबापांना दोषी ठरवलेलं आहे. मुलाला वाचवायला आईला पुढे केलं, आणि तरी मतं आली नाहीत. ३५ ची ३० केली तेव्हा पस्तिशीजवळचे जे वगळले गेले, त्यांच्या बदल्यात एकही सिनेटर मिळाला नाही. सौदा म्हणायचा तर समोरच्याने काहीच दिलेलं नव्हतं.

तरी त्या जुन्या 'मी'ला पूर्ण खोटं पाडता येत नाही. त्याच मुलांच्या रेट्याने दीड वर्षात डाका आला, आठ लाखांहून अधिक जणांना काम करण्याची परवानगी मिळाली. निष्पाप मुलं हा शब्दप्रयोग नसता तर तेही झालं असतं का? जे आज डाकावर नोकरी करून आईवडिलांचं घरभाडं भरतात, त्यांच्यापुढे उभं राहून मी म्हणू शकेन का, की ते वाक्य लिहायलाच नको होतं? नाही म्हणू शकत. आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावी लागणारी, कोर्टाच्या एका आदेशाने नव्या अर्जांना बंद होणारी परवानगी म्हणजे यश, असंही नाही म्हणू शकत.

या वेळच्या कागदावर १९२९ पासूनची एक जुनी तरतूद आहे. ठरावीक तारखेआधीपासून सतत अमेरिकेत असलेला, चांगल्या वर्तनाचा माणूस थेट ग्रीन कार्डाला अर्ज करू शकतो. ती तारीख संसदेने चार वेळा पुढे सरकवली, शेवटची १९८६ ला. तेव्हापासून ती १ जानेवारी १९७२ वर अडकलेली आहे. २०२२ मध्ये मांडलेल्या विधेयकात ठरावीक तारीखच काढून टाकायची आणि सात वर्षं राहिलेल्या कुणालाही अर्जाचा हक्क द्यायचा अशी कल्पना होती. मुलं, आईबाप, अभियंता, भांडी घासणारा, सगळे एकाच ओळीत. एखादा सहायक हमखास विचारणार: सातच्या जागी दहा चालतील का? पंधरा?

या वेळी खोलीत जायच्या आधी आम्ही सगळ्यांनी बसून याचं उत्तर ठरवायचं आहे. पुढच्या रविवारी दुपारी बसतोय. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणी येत असेल तर या.