पिकअप बदलू की नको?

माझी इलेक्ट्रिक गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या (स्ट्रॅटोकास्टर) वळणाची, तीन सिंगल कॉइल पिकअपची. पिकअप म्हणजे तारांखालचं, चुंबकावर वायरीची कॉइल गुंडाळलेलं, आवाज उचलणारं यंत्र; सिंगल कॉइलमध्ये अशी एकच कॉइल. स्वस्तातली, पण नेक (मान) सरळ आणि हाताला बसलेली. तक्रारी होत्या त्या आवाजाच्या. ब्रिजचा, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथला पिकअप कानाला टोचायचा, नेककडचा भसाडा वाजायचा, आणि डिस्टॉर्शन लावलं की तारा थांबल्यावरही घरघर चालूच. यूट्यूबवर याला एकच औषध सांगतात: पिकअप बदला. नावाजलेल्या कंपनीच्या सेटची किंमत बघितली, तर ती माझ्या गिटारीच्या निम्म्याहून जास्त निघाली. एवढे पैसे घालायचे तर आधी गिटारीची नीट तपासणी करू म्हटलं.

गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तारा कधी बदलल्या होत्यास?" पावसाळ्यात पुण्यातसुद्धा तारा गंजतात, कोकणातल्यांचं तर विचारूच नका. नव्या तारा चढवल्या, आवाजाला जरा धार आली. तेवढंच.

खरा फरक पडला तो पिकअपच्या उंचीने, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं (त्या तारेखालच्या कांडीपर्यंतचं) अंतर मोजायचं. साध्या सिंगल कॉइलसाठी फेंडर जाड तारेकडे सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे १.६ मिलिमीटर सुचवते. माझा नेकचा पिकअप जाड तारेला जवळजवळ टेकला होता, तर ब्रिजचा पार खाली बसलेला. पिकअपच्या दोन्ही टोकांना स्क्रू असतात आणि खाली स्प्रिंग. पाव फेरा फिरवायचा, वाजवायचं, परत पाव फेरा. पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतो. अल्निकोच्या (एक चुंबकी मिश्रधातू) कांड्या असतील तर जाड तारेवर, वरच्या फ्रेटला, एकाच स्वरात दोन स्वर भांडताना ऐकू येतात.

यात कान फसतो, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. पिकअप वर घेतला की आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. नव्या पिकअपचे व्हिडिओ इतके भारी वाटतात त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. म्हणून मी तोच तुकडा दरवेळी फोनवर रेकॉर्ड करून, आवाज सारखा करून मगच ऐकायचो.

मग मल्टिमीटर. यासाठी गिटार उघडायचीही गरज नाही. केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण ठेवायचा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला जॅकच्या टोकावर आणि बाहेरच्या भागावर मीटरच्या पिना टेकवायच्या. तिन्ही पिकअपचा रोध सहा किलोओमच्या आसपास, म्हणजे तब्येत ठणठणीत. पुढे पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पट्टी) काढलं तेव्हा पिकअपखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी दिसली. "सिरॅमिक म्हणजे टाकाऊ" असं सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. १९७२ सालचा डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप सिरॅमिकच आहे, आणि त्याला टाकाऊ म्हणणारा मला अजून भेटायचाय.

ब्रिजच्या टोचण्याचं कारण वायरिंगमध्ये सापडलं. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीत ब्रिजच्या पिकअपला टोनचा नॉबच जोडलेला नसतो. तो सगळा वेळ उघडाच वाजतो! तपकीर गल्लीतून वायर आणि सोल्डर आणलं, स्विचवर बोटभर वायरीचा तुकडा जोडला आणि खालचा टोन ब्रिजलाही लागू केला. आता तो नॉब सातवर ठेवतो.

राहिली घरघर. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर दोष शील्डिंगचा, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा. माझी कमी व्हायची, म्हणून आतल्या खोबणीत तांब्याची टेप चिकटवून ती ग्राउंडला जोडली. त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं होतं. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून ॲम्प चालवणारे महाभाग मी पाहिलेत; तारांना हात लावून वाजवणाऱ्याने हा जिवाशी खेळ करू नये.

एवढं करूनही ५० हर्ट्झची गुणगुण उरली. गिटार घेऊन जागच्या जागी वळलं की ती कमीजास्त होते, कारण ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून थेट कॉइलमध्ये शिरते. टेपने ती जात नाही. ती घालवायला दोन उलट्या कॉइलचा हंबकर नावाचा पिकअप लागतो, गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास बनवला तसा. म्हणजे पैसे घालायचे ते फक्त यासाठी, एवढाच प्रश्न शिल्लक राहिला. मी वाजवतो ते बहुतेक स्वच्छ आवाजात, आणि माझ्या मधल्या पिकअपची कॉइल उलट गुंडाळलेली आणि चुंबकही उलटा असल्याने स्विचच्या नेक-मिडल आणि मिडल-ब्रिज या जागांवर गुणगुण तशीही कटते. पिकअप बदलायचे नाहीत, असं ठरलं.

मित्राच्या गिटारीचा निकाल उलटा लागला. त्याच्या नेकच्या पिकअपवर मीटरने सहाच्या जागी अडीचशे किलोओम दाखवले. मीटर नुसता व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा रोध) मोजत होता, कॉइल आत कुठेतरी तुटलेली. तिथे बदलण्याला पर्यायच नव्हता. नवा पिकअप बसवला तर एकटा झकास वाजला, पण नेक आणि मिडल एकत्र लावले की आवाज एकदम पोकळ, नाकातून आल्यासारखा. फेज उलटी होती, म्हणजे दोन्ही पिकअपचे आवाज एकमेकांना खोडत होते. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली, आवाज भरला. पण त्या जागेवर आधी नसलेली गुणगुण आली. दोन्ही पिकअपच्या चुंबकांची दिशा एकच निघाली, आणि गुणगुण कटायला ती उलटी लागते. मित्र म्हणतो, "चालतंय रे." पुढचा पिकअप मागवण्याआधी मात्र मिडलवर होकायंत्र धरून चुंबकाची दिशा बघणार आहोत.