एर्सफियॉर्डमधला वारा

नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या सुमारे 350 किलोमीटर उत्तरेला असले, तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. म्हणूनच मार्चमध्ये, काठावर गुडघाभर बर्फ असताना, पर्यटकांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, फिरवण्याचे माझे काम चालू राहते. पाण्याचे तापमान मात्र 4 अंशांच्या आसपास असते. त्यामुळे आत लोकरी कपडे आणि वर पाणी आत न शिरू देणारा ड्रायसूट असल्याशिवाय मी कोणालाही कयाकमध्ये बसू देत नाही, आणि सुती बनियनवरून सकाळी वाद ठरलेलाच असतो. त्या दिवशी तो पुण्याहून आलेल्या एका निवृत्त काकांशी झाला. "अगं, जन्मभर हाच घालतोय," असे ते म्हणाले, तेव्हा "पुण्यात घाला" हे उत्तर काकूंनीच परस्पर दिले.

काका-काकू एका जोडकयाकमध्ये आणि दोन जर्मन मैत्रिणी दुसऱ्या, असे आम्ही क्वालोया बेटावरच्या एर्सफियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीच्या, आतल्या टोकाकडून निघालो. आग्नेयेचा वारा दुपारनंतर वाढेल, असा अंदाज होता. हा वारा कोकणातल्या मतलई वाऱ्यासारखा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. फरक एवढाच, की दोन्ही बाजूंच्या उभ्या डोंगरांमध्ये कोंडल्यामुळे तो इथे फार जोर धरतो. लाटा वाढायला अंतर लागते, त्यामुळे फियॉर्डच्या आतल्या टोकाशी पाणी सपाट दिसते, आणि जसजसे बाहेर जावे तसतसा समुद्र खवळलेला लागतो. परतीला मात्र वारा समोरून येतो, म्हणून मी आधीपासून काठ धरूनच चालले होते.

अकराच्या आधीच डोंगरधारेवरून बर्फाची भुकटी उडताना दिसली आणि मी सर्वांना वळवले. पहिला झोत दहा मिनिटांत आला. जर्मन मैत्रिणी खडकांच्या आडोशाने नेटाने पुढे सरकल्या. काका मात्र प्रत्येक झोताबरोबर वल्हे उंच धरत, त्यामुळे त्याच्या पात्यात वारा भरून कयाक आडवे होऊ लागे. "काका, वल्हे पाण्यालगत ठेवा, आणि काकू म्हणतील तेव्हाच मारा," असे मी ओरडून सांगितले, त्यांच्या कयाकच्या नाकाला दोरी अडकवली आणि ओढू लागले. दोरीचे दुसरे टोक माझ्या कमरपट्ट्याला असते. झोत आला की पट्टा पोटात रुतायचा, दोरी ताणून थरथरायची आणि शेजारचा खडक मिनिटभर जागचा हलायचा नाही. काकू मागून "एक, दोन" मोजत होत्या. त्यांच्या त्या शांत मोजणीचा मला दोरीइतकाच आधार होता, हे इथे नोंदवले पाहिजे.

जाताना ज्या अंतराला पाव तास लागला होता, त्याला येताना तासाहून अधिक लागला. काका उतरले तेव्हा त्यांची बोटे इतकी आखडली होती, की हातमोजे मलाच काढावे लागले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. दुपारचा गट येऊन थांबलेला, समोर काठाचे पाणी सपाट, आणि मी फेरी रद्द केल्याचे सांगत होते. हिमस्खलनाचा इशारा 5 पैकी 3 असल्याने डोंगराकडे नेणेही योग्य नव्हते. शेवटी ज्यांना हवे होते त्यांचे पैसे परत केले आणि उरलेल्यांना शहराच्या बेटावर, प्रेस्टव्हानेट तळ्याभोवतीच्या सपाट रानात, बर्फात पाय रुतू न देणारे रुंद स्नोशू घालून फिरवून आणले.